मोकळे गोल

किन्हीराजा गावच्या पुंजाजीला शेजारच्या जऊळक्याच्या फुटबॉल संघाला एकदा तरी हरवायचं होतं. दरवर्षी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गावच्या गायरानात सामना व्हायचा. पुंजाजी गोल राखायचा आणि जऊळक्याचा उदयसिंग त्याच्या डोक्यावरून चेंडू आत घालून जायचा. उदयसिंग रेल्वेत गँगमन होता. रूळ तुडवून तुडवून त्याचे पाय तसे झालेत, असं पुंजाजी प्रत्येक वेळी हरल्यावर सांगायचा.

सत्तावन्न साली फ्लूची साथ आली ती रेल्वेनं, म्हणजे आधी स्टेशन असलेल्या जऊळक्याला. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी तिकडून निरोप आला की अर्धा संघ तापानं पडलाय, उदयसिंगसुद्धा.

"मंग कप आपला," दौलतराव म्हणाले. कुणीही जिंकलं तरी कप गावात त्यांच्याच घरी राहायचा आणि सामन्यात शिट्टीही तेच वाजवायचे. "आला नाई तो हरला."

संघातले गडी खूश झाले. पुंजाजीचं मात्र तोंड उतरलं.

"सालभर मी उड्या मारून राह्यलो, ते काय खाटेवरच्या माणसाले हरवासाठी?" तो म्हणाला. "बरे होऊ द्या त्याइले. मंग खेळू."

सामना पुढे ढकलला गेला आणि पुंजाजीशी दोघा-तिघांनी बोलणं सोडलं.

काही दिवसांनी जऊळकेकर बैलगाडीतून आले. गालफडं बसलेली, पण हुशारी आलेली. तोवर ताप किन्हीराजात पोचला होता. गायरानात गावाचे सातच गडी उभे होते आणि त्यातला सातवा पुंजाजी, अंगावर घोंगडं घेऊन.

"पुंजाभाऊ, तुमचे डोळे लाल दिसून राह्यले," उदयसिंग म्हणाला.

"ऊन लागलं."

आभाळ तर गच्च भरलेलं. उदयसिंगनं वर पाहिलं, पुंजाजीकडे पाहिलं, आणि आपले चार गडी गाडीत बसवले. "चला मंग. सातावर सात."

बराच वेळ गोल झाला नाही. मग उदयसिंग एकटाच चेंडू घेऊन पुढे आला आणि त्यानं नेहमीसारखी जोरात लाथ हाणली. चेंडू पुंजाजीच्या पोटावर आदळला. तो त्यानं घोंगड्यातच कवटाळला, हळूच खाली बसला आणि परत उठेना. लोकांनी हसून टाळ्या पिटल्या. त्यांना वाटलं, काही डाव असेल.

पुंजाजीची बायको रुख्मिणी तेवढी हसली नाही. ती सरळ मैदानात आली.

"घरी निजवून ठेवला होता याले मी. सबन गावाले ताप वाटाले निघाला काय?" तिनं त्याला दंडाला धरून उठवलं. मग उदयसिंगकडे वळली. "अन् तुमी भाऊ, आताच बरे झाले ना? जराक अक्कल?"

उदयसिंगनं खाली मान घालून पुंजाजीच्या घोंगड्यातला चेंडू काढून घेतला. ती दोघं मैदानाबाहेर जाईपर्यंत दौलतरावांनी शिट्टी खिशात ठेवली.

पुंजाजीला पुढचं काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी उतरत्या तापात डोळे उघडले, तर उदयसिंग ओसरीवर बसलेला. तो रातभर गावातच थांबला होता. रुख्मिणीनं त्याला चहा दिला होता, पण उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं.

"सामना?" पुंजाजीनं विचारलं.

"झाला. तुमचा गोल मोकळा, मंग मी आमचा गोलकीपरबी बाहेर काढला. दोन्हीकडून नुसते गोल. लोकं मोजता मोजता भांडले."

"कोण जितलं?"

"आमी. एका गोलानं."

पुंजाजीला हसू यायला लागलं, आणि हसता हसता खोकला.

"तुमची लाथ मी अडवली, हे तरी पाह्यलं ना लोकाइनं?"

"समद्याइनं," उदयसिंग म्हणाला. "पण पुढच्या साली घोंगडं आणू देणार नाई."

आतून रुख्मिणीनं दोघांनाही गप्प बसायला सांगितलं.