हुंकाररावांचा रेडिएटर

हुंकारराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते ठेवलं कचेरीतल्या लोकांनी, आणि अगदी चपखल ठेवलं. पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीमागे त्यांनी एकतीस वर्षं काढली. खिडकीपलीकडून माणूस तावातावाने सांगायचा, नळाला चार दिवस पाणी नाही, आलंच तर गढूळ येतं, घरात आजारी माणूस आहे. अलीकडे हे मान खाली घालून भलत्याच कागदावर शिक्के मारत असायचे आणि दर वाक्याला एक 'हं' सोडायचे. तो 'हं' इतका भारदस्त, इतका समजूतदार असायचा की समोरच्याचा राग निम्म्यावर यायचा. आपलं कुणीतरी ऐकून घेतलं, या समाधानात माणूस घरी जायचा. पाणी यायचं तेव्हा यायचं.

निवृत्तीबरोबर खुर्ची गेली, शिक्का गेला, 'हं' तेवढा राहिला. घरात तर तो आधीपासूनच मुक्कामाला होता. बायकोने सांगावं, डाळ संपलीय, 'हं'. आणि जेवताना यांनीच विचारावं, "आज डाळ का नाही गं?" बायको शिवणकाम करायची. पडदे, गणवेश, उशांचे अभ्रे. कापडाला कात्री लावण्याआधी दोनदा मोजणारी बाई ती. या 'हं'मध्ये काही राम नाही, हे तिने लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ताडलं होतं. काही महत्त्वाचं असलं की ती समोर येऊन उभी राहायची, यांच्या हातातला पेपर खाली करायची आणि मगच तोंड उघडायची. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचंच तर आधी घडा सुलटा करून घ्यावा, असं ती लेकीला हसत हसत सांगायची.

तर अशा या हुंकाररावांची गाडी तापायला लागली. गाडी सतरा वर्षांची. चढ लागला की काटा लाल रेघेकडे सरकायचा. गॅरेजवाल्याने रेडिएटरच्या झाकणातून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "काका, आत नुसता गंज आणि गाळ आहे. कूलंट कधी बदललं होतं?" हे म्हणाले, "हं." तो म्हणाला, "सगळं धुऊन काढावं लागेल. सोडून जा गाडी." यांनी विचारलं, घरी नाही का करता येणार? त्यावर तो फक्त हसला. ते हसणं हुंकाररावांना झोंबलं.

तीन दिवस त्यांनी व्हिडिओ पाहिले, गाडीसोबतचं पुस्तक वाचलं आणि जुन्या डायरीच्या कोऱ्या पानांवर मुद्दे काढले. मुद्दे चांगले होते, खोटं कशाला बोला. इंजिन पूर्ण गार असताना खालची तोटी सोडायची. जुनं कूलंट झाकणाच्या डब्यात घ्यायचं, कारण ते चवीला गोड आणि पोटात गेलं तर विष, मांजराने चाटलं तरी मेलं म्हणून समजा. मग पाणी आणि सफाईचं औषध भरून, हीटर लावून इंजिन चालवायचं. मग बंद करून पुन्हा पूर्ण गार होऊ द्यायचं. गरम रेडिएटरचं झाकण काही झालं तरी उघडायचं नाही, आत दाब असतो. हे शेवटचं वाक्य त्यांनी लाल शाईने दोनदा अधोरेखित केलं आणि बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणि गार झालं हे ओळखायचं कसं?" हे पुढचं पान उलटत म्हणाले, "हं."

रविवारी सकाळी काम सुरू झालं. जुनं कूलंट निघालं ते चहाच्या गाळासारखं. ते डब्यात बंद झालं, औषध घालून इंजिन वीस मिनिटं चाललं, मग यांनी चावी फिरवून बंद केलं. आतापर्यंत सगळं डायरीबरहुकूम. बायको शिलाई बाजूला ठेवून मदतीला आली होती. बादल्या भरून ठेवणं, फडकी देणं, सांडलेलं पुसणं ही खरी मेहनत तिचीच चालली होती. हुंकारराव उंटावरून शेळ्या हाकत होते.

तेवढ्यात कचेरीतल्या जुन्या सोबत्याचा फोन आला. हुंकारराव गाडीकडे पाठ करून फाटकाशी गेले. असा मोका पुन्हा कधी मिळायचा? गॅरेजवाले कसे लुटतात, आपण कसं शास्त्रशुद्ध काम काढलंय, हे ते रंगवून सांगू लागले. मागून बायकोने विचारलं, "अहो, अर्धा तास झाला. वाफ तर दिसत नाही. झाकण उघडू का?"

"हं," हुंकारराव म्हणाले.

तिने जाड फडकं चौपदरी करून झाकणावर ठेवलं आणि फिरवलं.

किंकाळी अशी आलीच नाही. बादली उलटल्याचा आवाज आला आणि हे वळले. बायको उजवा हात छातीशी धरून खाली बसली होती, बॉनेटमधून उकळतं पाणी अजून उसळत होतं. फडक्याने पंजा बराचसा वाचवला होता, पण मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लालबुंद झाली होती. हुंकाररावांनी तिला नळाशी नेलं, तिच्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली तिचा हात धरून ठेवला.  भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं, हेही डायरीत लिहिलेलं त्यांना आठवलं आणि त्यांनी ते केलं, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसं झालं हे?"

आणि हुंकाररावांच्या तोंडून निघून गेलं, "मी तीनदा बजावलं होतं, गरम झाकण उघडू नकोस म्हणून. हिने न विचारताच उघडलं."

बायकोने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग ती समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लगेच पाण्याखाली धरलात म्हणून थोडक्यात निभावलं. तुमच्यासारखी शांत डोक्याची माणसं कमी असतात." हुंकाररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तेव्हाच खरं सांगून टाकायचं, तर ते बोलले नाहीत.

एकदा बोललेलं खोटं काही एका जागी बसत नाही. संध्याकाळी लेकीचा फोन आला, तिला तेच सांगावं लागलं. शेजारीण आली, तिला लेकीने सांगितलं होतं. गणवेश न्यायला आलेल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही इतक्या काटेकोर, आणि असं कसं केलंत हो?" बायको म्हणाली, "झालं खरं." एवढंच. हुंकारराव आतल्या खोलीत होते. ते बाहेर आले नाहीत.

त्या आठवड्यात त्यांनी पडेल ते काम केलं. चहा केला, भांडी घासली, भाजी चिरली, बायकोची वेणीही घालून दिली, वाकडीतिकडी का होईना. लाज अशी अंगात शिरली होती की बसवत नव्हतं. पण त्याचंही उलटंच झालं. शेजारीण बायकोला म्हणाली, "नशीबवान आहात. तुमची एवढी चूक असूनही माणूस चकार शब्द बोलत नाही." हे ऐकून बायको हसली. ते हसणं ऐकून हुंकाररावांच्या हातातली बशी फुटली. रोज दुपारी तिच्या पट्टीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधताना ते ठरवायचे, आता सांगून टाकू. पण कुणाला सांगायचं? तिला तर माहीतच होतं. ज्यांना माहीत नव्हतं, त्यांच्यासमोर तोंडात मिठाची गुळणी.

पुढच्या रविवारी लेक आली. एकटीच आली, चार वर्षांच्या पोरीला घरी ठेवून. दर शनिवारी ती पोर आजीकडे राहायची; आजीने तिच्यासाठी शिवणयंत्राशेजारी छोटं स्टूल ठेवलं होतं आणि चिंध्यांची पेटी भरली होती. लेकीने आईची पट्टी पाहिली, औषधं पाहिली आणि बाबा अंगणात गाडीशी आहेत असं पाहून बाहेर आली. हुंकारराव बॉनेट उघडून उभे होते. औषधाचं पाणी आठ दिवस आत तसंच राहिलं होतं आणि ते आता काढलंच पाहिजे होतं.

"बाबा, स्पष्ट बोलते," लेक म्हणाली. "मला आईची काळजी वाटतेय. तीनदा सांगितलेलं माणूस असं विसरतं का? तेही आई? मी एका डॉक्टरांची वेळ घेतलीय, डोकं तपासणारे. आणि तोवर पिल्लूला शनिवारी इथे नाही ठेवायची. घरात गॅस आहे, इस्त्री आहे, कात्र्या आहेत. तुम्ही आईला समजावा. माझ्या तोंडून ऐकलं तर तिला फार लागेल."

हुंकारराव झाकणावर हात ठेवून उभे राहिले. इंजिन आठ दिवसांचं गार होतं, पण त्यांना घाम फुटला. आता गप्प बसलो तर बायको वेडी ठरणार आणि नात तिच्यापासून तुटणार, हे दोन्ही त्यांना लख्ख दिसत होतं. शिवाय तिला ते समजावून सांगायचं कामही आपल्याच गळ्यात. धरणीने पोटात घ्यावं असं वाटण्याची ही वेळ होती, पण अंगण सिमेंटचं होतं.

"ती विसरली नव्हती," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तिने विचारलं होतं. उघडू का म्हणून. मी फोनवर होतो. मी हो म्हटलं." ते थांबले. हेही पुरतं खरं नव्हतं. "हो नाही म्हटलं. हं म्हटलं. ती काय म्हणाली ते मी ऐकलंच नव्हतं. आणि दवाखान्यात तिच्या तोंडावर खोटं बोललो. मग तुझ्याशी बोललो. मग सगळ्यांशी."

 लेकीने मान दाराकडे वळवली. तेव्हा दोघांनाही दिसलं की बायको दारात उभी आहे, पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हाताने सावरून. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"आई," लेकीचा आवाज चिरकला, "आठवडाभर सगळे तुला बोलतायत. मी बोलले. तू का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं होतं?" बायको म्हणाली. "तुझे बाबा माझं ऐकत नाहीत, हे? ते सांगायला हात कशाला भाजायला हवा होता?"

"मग तुला माहीत होतं ना, बाबांच्या हंला काही अर्थ नसतो. तूच तर मला हसत सांगायचीस. मग तू झाकण उघडलंसच कसं?"

बायकोने पायरीवर बसून घेतलं. तिला राग आलेला दिसत नव्हता. कापड मोजताना दिसायची तशीच दिसत होती.

"घरातलं काही असतं ना, तर मी समोर जाऊन उभी राहिले असते," ती म्हणाली. "डाळीचं, तुझ्या तापाचं, माझ्या पाठीचं. त्या वेळी मला ठाऊक असतं की हं म्हणजे काही नाही. पण हे गाडीचं होतं. तीन दिवस त्यांच्या डोळ्यासमोर दुसरं काही नव्हतं. मला वाटलं, गाडीचं विचारतेय म्हटल्यावर या वेळी तरी ऐकलं असेल."

लेकीने मान खाली घातली. हुंकाररावांनाही घालायची होती, पण त्यांना बायकोच्या तोंडाकडे बघत राहावं लागलं, कारण ती अजून बोलत होती आणि या वेळी त्यांना तिचा शब्दन्‌शब्द ऐकायचा होता.