सॉरीची कळ

हणमंतराव मास्तरांनी आदिलाबादेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण त्यांच्या स्वतःच्या तोंडून ‘सॉरी’ कोणी कधी ऐकलं नाही. उशिरा आलेलं पोरगं ‘सॉरी सर’ म्हणालं की मास्तर खवळायचे. “कुठं दुखून राह्यलं रे तुले? दाखव!” मग सांगायचे, जुन्या इंग्रजीत दुखऱ्या जागेला जे म्हणत, त्यातूनच हा शब्द आला. आत ठणकत नसेल तर तोंडातून काढू नये. वाटत सुटायला तो काय देवळातला खोबऱ्याचा तुकडा आहे?

घरीही तोच खाक्या. लेक अपूर्वानं परजातीतल्या विनयशी लग्न केलं. तान्ह्या लेकीला, मयूरीला घेऊन ती दाराशी आली, तर मास्तरांनी दार उघडलं नाही. त्यांची बायको वनमालाबाई आत तोंडात पदर कोंबून उभ्या. “बाबा सॉरी म्हणतील तवाच येईन,” म्हणून पोरगी गेली ती गेलीच. मयूरी आता शाळेत जाते.

यंदा मास्तरांना लकवा मारला. सारे शब्द गेले, आणि नशिबाची थट्टा बघा, एकच उरला. दूधवाल्याला सॉरी, पंख्याला सॉरी, उशीला सॉरी. डॉक्टर म्हणाले, अर्थाबिर्थाचं काही नाही, जीभ आपली म्हणते. दुसरा शब्द यायची आशा धरू नका.

वनमालाबाईंनी फोन उचलला. “ये माय. बाबा सॉरी म्हणून राह्यले.” बाकीचं त्यांनी गिळलं. खोटं कुठं होतं ते?

अपूर्वा दुसऱ्याच दिवशी आली. मास्तर तिच्याकडं बघून म्हणाले, “सॉरी.” ती त्यांच्या छातीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. देवा, आता यांचं तोंड बंद ठेव, वनमालाबाईंनी मनात हात जोडले.

पण माहेरी आलेल्या लेकीला चहा तरी द्यायला नको? त्यांनी कप टेकवला. मास्तर कपाला म्हणाले, “सॉरी.” मग बशीला.

अपूर्वानं डोकं वर केलं. “तुले माहीत होतं ना, आई? मग काऊन बोलावलं मले?”

“तू यावं म्हणून, बाई.”

ती उठली, चपला घातल्या. फाटक वाजलं तशी मास्तरांनी मान उचलली. दाराकडं बघत, डोळ्यांतून पाणी गाळत, ते सॉरी, सॉरी म्हणत राहिले.

वनमालाबाई अनवाणी धावल्या. “अपूर्वा, थांब वो! हे आताचं खरं आहे!”

कोण ऐकतं? ऑटो कोपऱ्यावरून वळलासुद्धा.