नाव आधी

"आवं, चपला काढून आत तर ये! ओटा पाह्य किती मोठा हाय," उकंडा आतून हाक मारत होता.

सत्यशीला उंबऱ्याबाहेरच उभी होती. रात्रपाळी करून ती दवाखान्यातून सरळ इथे आली होती. पाय भरून आले होते, डोक्यावर वणीचं ऊन होतं, तरी ती आत जाईना.

घर घेताना काय काय पाहायचं, हे एव्हाना त्या नवराबायकोला पाठ झालं होतं. नळ किती वेळ चालतो, उन्हाळ्यात बोअर आटते का, कोळशाची धूळ कुठल्या खिडकीतून येते. उकंडा काट्यावर कोळशाचे ट्रक तोलणारा माणूस. तो भिंतीवर बोटं वाजवून पाहायचा, पाया मुरमापर्यंत गेलाय का ते विचारायचा. घर पसंत पडायचं. मग घरमालक चहा पाजता पाजता हसून विचारायचा, "पूर्ण नाव काय म्हणाले?" आणि दुसऱ्या दिवशी फोन यायचा, "मोठा पोरगा नाही म्हणून राह्यला हो विकायले." वणीत पोरांच्या शब्दाबाहेर न जाणारे इतके बाप असतील, असं सत्यशीलाला कधी वाटलं नव्हतं.

मागच्या घरात तर तिनं बुद्धाच्या फोटोसाठी कोनाडाही ठरवून टाकला होता. फोन आला त्या दिवशी ती त्या कोनाड्यासाठी रडली. तेव्हापासून तिचा नियम होता, नाव आधी, घर नंतर.

"ताई, नावाचं मागून पाहू ना," दलाल अतुल कुजबुजला. "आधी घर तर पाहा."

तेवढ्यात पदराला हात पुसत घरमालकीण कौसल्याबाई दारात आल्या. नवरा गेल्यापासून एकट्याच होत्या. घर विकून लेकीकडे बाभुळगावला जायचं म्हणत होत्या.

"मावशी, मी सत्यशीला उकंडा नगराळे. आम्ही बौद्ध आहो. चालत असन तर चपला काढते."

म्हातारीनं तिच्याकडे नीट पाहिलं.

"उन्हात काहून उभी राह्यली मंग? ये आत."

फरशी गार होती. चहा आला. सगळ्यांना सारखेच कप. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कडुनिंब दिसत होता. सत्यशीलाचा शीण क्षणभर उतरला. "प्रियंकाचा टेबल इथं बसन," ती बोलून गेली, आणि लेकीचं नाव ऐकून उकंडा हसला. किती दिवसांनी हसला!

कौसल्याबाई उठल्या आणि त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मागे तिरपी भेग होती, वरपासून खालपर्यंत.

"मावशी, हे कायले आता..." अतुलचं तोंड उतरलं.

"तू चूप राह्य." मग त्या सत्यशीलाकडे वळल्या. "तुनं तुहं उघडं सांगतलं, बाई. मंग म्या माहं काहून लपवू? पाया काळ्या मातीतच हाय. उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात मिटते. दरसाल वाढून राह्यली."

सत्यशीलानं कप खाली ठेवला.

"लई उपकार झाले, मावशी. पण माहं नाव म्हणजे भेग नाही."

कौसल्याबाई कॅलेंडर हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"नाही वं माय," त्या हळूच म्हणाल्या. "चुकलं माहं बोलणं."

उकंडानं भेगेत बोटं घालून पाहिली आणि काढून घेतली. नाव चाललं ते हे एकच घर, आणि त्याची भिंत चालणार नव्हती.

भाड्याच्या खोलीवर आल्यावर उकंडा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. संध्याकाळी सत्यशीलानं पेटीच्या तळातून पितळेची पाटी काढली. घर पाहायला सुरुवात केली तेव्हा हौसेनं करवून घेतलेली, तिघांची नावं आणि खाली मोठ्या अक्षरांत 'नगराळे'. पदरानं पुसली आणि दाराच्या कडीला दोरीनं बांधली.

घरमालक जिन्यावरून उतरताना थबकला.

"खिळा ठोकला काय, ताई? भिंतीले खिळा नाही ठोकाचा, सांगतलं होतं ना."

"नाही ठोकला जी. बांधली नुसती."

तिनं गाठ ओढून पाहिली, आणि ड्यूटीवर निघाली.