सहाव्या घरातला दट्टा

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. माझ्या अंगात दहा गोल घरं आहेत आणि त्यांत जाडीनुसार उतरत जाणारे दहा दट्टे बसतात. लहान मुलांनी ते उपसायचे, मिसळायचे आणि ज्याच्या त्याच्या घरात परत बसवायचे, एवढंच माझं काम. यात सांगण्याजोगं काही आहे का, याची मला खात्री नाही. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, म्हणून बोलतो.

मित्रांनो, मी मूळचा गारखेड्यातल्या रस्त्याकडेचा कडुनिंब. दोन हजार बाराच्या एप्रिलमध्ये रस्ता रुंद करताना मला पाडलं. शेजारीच दोन खोल्यांत रत्नमालाबाई बालवर्गाची तयारी करत होत्या. साधनं हातानेच बनवायची असा त्यांचा हट्ट होता. पुठ्ठ्यावर पॉलिश पेपरची खरखरीत अक्षरं त्यांनी स्वतः चिकटवली. आवाज ओळखायच्या डब्यांत ज्वारी, खडे, रेती भरली. माझा एक ओंडका मात्र त्यांनी कडूबाआबांकडे नेला. आबा लासूर स्टेशनकडचे. पूर्वी मेंढ्या राखत. चारा संपला तसे शहरात येऊन लाकूड कातायच्या यंत्रावर बसले होते.

"बाई, लाकूड वलं हाय. एक उन्हाळा खाऊ द्या त्याला."

"आबा, पंधरा जूनला मुलं येतील. कपाट रिकामं ठेवू?"

"मंग वाकडंतिकडं झालं तर मला बोल नाय लावायचा."

"तुम्हालाच लावणार. दुसरं आहे कोण?"

आबा हसले आणि त्यांनी यंत्र सुरू केलं. मला तेव्हाच धास्ती वाटली होती. पण लाकडाला कोण विचारतो?

वर्ग भरला. बाई मुलांना सांगत, "चुकलं तर मी सांगणार नाही, ठोकळाच सांगेल. एखादा दट्टा घराबाहेर उरेल." ते ऐकून मला अभिमान वाटे, आणि लगेच भीतीही.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. टँकरची वाट बघण्यात दिवस जाऊ लागले. पाणी ओतायच्या खेळात बाईंनी पाण्याऐवजी ज्वारी भरली. समोर नव्या इमारती उठत होत्या, त्यांची धूळ कपाटावर बसे. फेब्रुवारीत मला जाणवलं, मी आकसतो आहे. सहावा दट्टा इतका बारीक झाला की तो सातव्या घरातही शिरू लागला. मग सातवा सहाव्या घरात सैलसर बसे. दहाही घरं भरत आणि चूक दिसत नसे.

ती कळली फक्त ज्ञानेश्वरीला. ही आबांची नात, चार वर्षांची. ती दट्ट्यावर बोट ठेवून पुटपुटे, "हलतंय." सगळे उपसून पुन्हा बसवे. पुन्हा उपसे. मूल तेच तेच करू लागलं की त्याची तंद्री लागली आहे असं समजावं, मध्ये बोलू नये, असं बाईंनी पुस्तकात वाचलं होतं. त्या हात मागे बांधून लांब उभ्या राहत आणि मदतीला असलेल्या म्हाळसाबाईंना कौतुकाने म्हणत, "बघा, कशी रमली आहे!"

"रमली कशाची? कपाळाच्या आठ्या पाहा की तिच्या."

"थांबा हो, मध्ये बोलू नका."

खोटं मी बोलत होतो आणि पोर स्वतःलाच चूक समजत होती.

एका सोमवारी ज्ञानेश्वरी आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी आबा एकटेच आले.

"पोरगी म्हणती, मला येत नाय, शाळंत नाय जायाचं. राहू द्या बाई. बसंल माझ्यापाशी यंत्राजवळ."

"येत नाही? अहो, या ठोकळ्यावर तर ती तासन् तास..."

आबांनी मला मांडीवर घेतलं. दट्टे उपसले आणि डोळे मिटून एकेक बसवला. सहाव्याशी हात थांबला. तो त्यांनी दोन्ही घरांत घालून पाहिला.

"पोर खरं सांगती, बाई. खोटं ह्ये लाकूड बोलतंय."

बाई खाली बसल्या. त्यांनी स्वतः करून पाहिलं. "घाई मी केली," त्या म्हणाल्या, "आणि वर नुसती बघत राहिले."

"मला बोल लावणार व्हता न्हवं?" आबांनी हसून विचारलं. बाई हसल्या नाहीत.

आबांनी जुन्या बाजेच्या पायातून, मुरलेल्या बाभळीच्या लाकडाचे, सहाव्या आणि सातव्या घरांसाठी दोन नवे दट्टे कातले. बाई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या आणि ज्ञानेश्वरीसमोर जमिनीवर बसल्या.

"तुझं बरोबर होतं गं. ठोकळा चुकला होता. मी पण."

ज्ञानेश्वरीने मला जवळ ओढलं. तिने दहाही दट्टे बसवले. मग मला कानाशी नेऊन हळूच हलवलं.

"आता गप हाय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली.

माझे आठ दट्टे आज फिके आहेत, दोन काळपट. लाकूड अजूनही हवेबरोबर बदलतं, त्यामुळे मला स्वतःचा भरवसा वाटत नाही. रोज मुलं यायच्या आधी बाई डोळे मिटून दहाही दट्टे बसवून बघतात. तेवढा वेळ माझा जीव टांगणीला असतो.

मित्रांनो, तुमच्या धाकट्या भावंडाला एखादी गोष्ट जमेना, तर त्याला बोल लावण्याआधी त्याच्या हातातली वस्तू एकदा आपल्या हातात घेऊन बघा. आणि कुणी चिमुकलं "हलतंय" म्हणालं, तर लांब उभे राहू नका. शेजारी बसा आणि विचारा, "कुठं? दाखव बरं."