गोलकीपर शेवटच्या फेरीत

सार्थकला फुटबॉलमधलं सगळं कळतं, ही बातमी कंपनीत सार्थकनेच पसरवली होती. प्लॅनिंगमध्ये बसणारा हा गृहस्थ इंदिरानगरहून गाडीने यायचा, लिफ्टने पहिल्या मजल्यावर जायचा, आणि चेंडूला त्याचा पाय लागल्याचं कोणाच्याही पाहण्यात नव्हतं. पण मोबाइलवर त्याची फँटसी लीग होती. दहा मित्रांनी युरोपातले खेळाडू पाळीपाळीने आपसात वाटून घ्यायचे, त्यांनी तिकडे खरे गोल मारायचे आणि इकडे सातपूरच्या कॅन्टीनमध्ये मिसळ खाताखाता गुण ह्याने मोजायचे. त्या लीगमध्ये मागच्या वर्षी त्याचा दुसरा नंबर आला आणि तेव्हापासून त्याला जमिनीवरून चालणं कमीपणाचं वाटू लागलं.

टूलरूमच्या धम्मपालला हा माणूस डोळ्यांसमोर नको असे. त्याला कारणही तसंच होतं. दर जानेवारीत कंपनीची सात-सात जणांची फुटबॉल स्पर्धा व्हायची, खात्याखात्यांचे चार संघ असायचे, आणि सलग तीन वर्षं ढाल धम्मपालच्या टूलरूमकडे होती. सार्थकने साहेबांच्या कानाला लागून यंदा खात्यांचे संघच मोडून काढले. आता चार कप्तान, एकतीस खेळाडूंची एकच यादी, आणि पाळीपाळीने एकेक नाव उचलायचं. ह्याला म्हणे ड्राफ्ट म्हणतात. कप्तानाने स्वतः खेळायचं नाही, हाही नियम त्याचाच, आणि तो का केला हे कोणाला विचारावं लागलं नाही.

धम्मपालला ढाल हवी होती. चौथ्यांदा हवी होती, आणि तीसुद्धा सार्थकच्याच ड्राफ्टमधून जिंकलेली हवी होती, म्हणजे त्याचं तोंड कायमचं बंद झालं असतं. ढाल कशाने मिळते हे कंपनीत त्याच्याशिवाय कोणालाच उमगलेलं नव्हतं. लोक म्हणत, टूलरूम बंटीमुळे जिंकते, कारण गोल बंटी मारायचा आणि शर्ट काढून मैदानभर पळायचा. पण तिन्ही फायनल टूलरूमने एकाच गोलाने जिंकल्या होत्या. समोरच्यांचे दहा-बारा गोल ज्यांनी होऊ दिले नाहीत, ते टूलरूमचे गोलकीपर कारभारीनाना शर्ट न काढता मोटारसायकलला किक मारून सायखेड्याला घरी निघून जायचे.

कारभारीनानांचं वय सेहेचाळीस. तरुणपणी टेम्पोवर उभं राहून खालून फेकलेले टोमॅटोचे क्रेट झेलले होते, तेवढंच त्यांचं प्रशिक्षण. धम्मपाल नवा लागला तेव्हा मशीनवर हात धरून शिकवलं ते त्यांनीच, आणि अकरा वर्षं दोघांचे डबे एकत्र उघडत होते.

शनिवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर सगळे कॅन्टीनमध्ये जमले. एचआरच्या मनाली मॅडम फळ्याशी मार्कर घेऊन उभ्या राहिल्या. चार कप्तानांच्या नावाच्या चिठ्ठ्या निघाल्या. सार्थकचा पहिला नंबर, मग मयूर, मग रोहित, आणि धम्मपालचा चौथा. पहिली फेरी एक ते चार, दुसरी उलटी चार ते एक, अशा सात फेऱ्या. ज्याचं नाव पुकारलं जाईल त्याने खुर्चीवरून उठून आपल्या कप्तानामागे जाऊन उभं राहायचं.

सुरू करण्याआधी सार्थकने अक्कल पाजळली. कोणी मागितली नव्हती.

"बघा, सिंपल आहे. पहिल्या दोन फेऱ्या स्ट्रायकर. तिसरी-चौथी मिडफिल्ड. डिफेंडर पाचव्या-सहाव्यात, ते कुठेही मिळतात. आणि गोलकीपर शेवटच्या फेरीत. आधी कीपर उचलेल तो गाढव. जगात कुठेही विचारा."

मयूर आणि रोहितने माना डोलावल्या. रोहितने तर लिहून घेतलं.

धम्मपालला आतून असं हसू फुटलं की त्याने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. अरे शहाण्या, तुझ्या त्या लीगमध्ये कीपर शेवटी घेतात, कारण तिथे वीस क्लबांचे वीस कीपर आणि घेणारे दहा. कितीही उशीर केला तरी धड माणूस उरतोच. इथे एकतीस नावांत कीपर एकच आहे, आणि तो तिसऱ्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसलाय! पाठ केलेलं ओकायला काय लागतं? पण हे त्याने तोंडाने म्हटलं नाही. त्याला त्याहून भारी कल्पना सुचली होती.

सार्थकने पहिलं नाव अर्थातच बंटीचं घेतलं. बंटी दोन्ही हात वर करून गेला. मयूरने, रोहितने पोरं उचलली. धम्मपालची पाळी आली आणि लागोपाठ दोन नावं त्याला घ्यायची होती. नाना खुर्चीत किंचित पुढे सरकले. धम्मपालने पेंटशॉपचा एक पळणारा घेतला आणि स्टोअरमधला एक.

हीच ती कल्पना. ही मेंढरं नानांना शेवटपर्यंत हात लावणार नाहीत. मग आपण तरी लवकर पाळी का खर्च करायची? सहा फेऱ्या चांगली पोरं गोळा करायची आणि सातव्यात नाना फुकटात. सार्थकचीच विद्या वापरून सार्थकला चीत करायचा. त्याला स्वतःच्या डोक्याचं इतकं कौतुक वाटलं की घरी जाऊन बायकोला, स्नेहाला, कसं सांगायचं, याची वाक्यंसुद्धा तो जुळवू लागला.

चौथी फेरी त्याच्यापासूनच सुरू होत होती. तिसऱ्या फेरीचं शेवटचं नाव घेतल्यावर मनाली मॅडमनी पुन्हा त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा नाना पिशवी उचलून अर्धे उठलेच. धम्मपालने स्टोअरच्या पुंजारामचं नाव घेतलं. नाना खाली बसले आणि पिशवीच्या बंदाची गाठ सोडून पुन्हा बांधू लागले. धम्मपालला ते दिसलं. थोडं थांबा नाना, असं तो मनात म्हणाला, आणि मनात म्हटलं म्हणजे झालं असं त्याला वाटलं.

पाचव्या फेरीत मागच्या रांगा ओस पडल्या. सहाव्यात रोहितने पोट सुटलेला वॉचमन डिफेंडर म्हणून घेतला. मयूरने आयुष्यात फक्त कॅरम खेळलेला एक ट्रेनी घेतला. ते नानांच्या समोरून उठून गेले आणि उभ्या असलेल्यांतून कोणीतरी फिस्कन हसलं. नाना समोर फळ्याकडे बघत होते. सातव्या फेरीत सार्थकने शेवटी "कीपर" म्हणून जाहीर केला तो त्याच्याच खात्यातला एक उंच मुलगा, कारण उंची भरपूर होती. मयूर, रोहितचंही तसंच झालं. फळ्यावर सत्तावीस नावं झाली. खुर्च्यांवर चार माणसं उरली.

"धम्मपाल, शेवटचं नाव."

धम्मपाल उभा राहिला. ह्या क्षणासाठी तो दीड तास गप्प बसला होता आणि आता त्याला राहवलं नाही.

"कारभारीनाना!" तो म्हणाला. "आणि सार्थक, तू आता ऐकून घे. ह्या अख्ख्या कंपनीतला सगळ्यात भारी खेळाडू नाना आहेत. ढाल तीन वर्षं त्यांनी आणली, बंटीने नाही. मला हे पहिल्या फेरीपासून माहीत होतं. पण तुम्ही त्यांना घेणार नाही हेपण माहीत होतं. मग मी कशाला पाळी वाया घालवू? बस आता तुझी स्ट्रॅटेजी चाटत."

कॅन्टीनमध्ये हशा पिकला. टूलरूमच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. नाना उठले, पण धम्मपालमागे येऊन उभे राहिले नाहीत. फळ्याशी गेले.

"मॅडम, माझं नाव खोडा," ते म्हणाले. "मी नाय खेळणार."

"अहो नाना!" धम्मपाल हसत हसत पुढे झाला. "मनावर नका घेऊ. ही स्ट्रॅटेजी होती."

"असंल." नानांचा आवाज चढला नव्हता. "ह्या पोरांना माहीत नव्हतं, त्यांचं मला काय वाटायचं? दीड तास बसलो. दर बारीला वाटलं, आता धम्मा नाव घेईन. मग वाटलं, तू मला इसरला. इसरला असता तं चाललं असतं रे."

एवढं बोलून त्यांनी पिशवी खांद्याला लावली. दारातल्या लोकांनी त्यांना वाट करून दिली. बाहेर मोटारसायकलला एक किक बसली, दुसरी बसली, गाडी सुरू झाली आणि आवाज फाटकापलीकडे गेला. आता कोणी हसत नव्हतं. धम्मपालला मागे धावावं असं वाटलं, पण जाऊन म्हणायचं काय, तेच त्याला कळेना. नाना खोटं एक अक्षर बोलले नव्हते.

"धम्मपाल," मनाली मॅडमनी हळूच विचारलं, "मग अठ्ठाविसावं नाव कोणाचं लिहू?"

उरलेले तिघे खुर्च्यांवरून त्याच्याकडे बघत होते.

तेवढ्यात सार्थक जवळ आला. त्याने धम्मपालच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हातात टिंगल नव्हती, खरंखुरं कौतुक होतं.

"मानलं यार तुला," तो म्हणाला. "इतकं मलापण सुचलं नसतं. पुढच्या सीझनला आमच्या लीगमध्ये ये ना."