बैठकीसाठी जागा

धानाच्या गिरणीच्या पट्ट्यात बाही सापडली, हात थोडक्यात वाचला, आणि त्या दिवशी सुखरामने दारू सोडली. अड्याळ गावात कुणालाच त्याचं अप्रूप वाटलं नाही. त्याने ती आधीही सोडली होती. एकदा नारळ फोडून, एकदा गळ्यात माळ घालून, एकदा पोरीच्या डोक्यावर हात ठेवून. काही आठवडे बरे जायचे, मग एखाद्या संध्याकाळी पाय आपसूक नाल्यापलीकडच्या भट्टीकडे वळायचे. या खेपेला त्याला स्वतःचीच भीती वाटत होती.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात खरचटलेल्या हाताला पट्टी बांधताना कंपाउंडर म्हणाला, "पिणं सोडलेल्या माणसांची बैठक भरते ना इथं, रविवारी. चर्चमागच्या खोलीत. औषध नाही, उपदेश नाही. बसतात अन् आपापलं सांगतात."

सुखराम रविवारी एसटीने गेला. खोलीला कुलूप. समोरचा पानठेलेवाला गिऱ्हाइकांदेखत ओरडला, "ते दारूवाले काय? गेले ना ते इथून! तलावाजवळच्या शाळेत पाहा." गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. शाळेतला चपराशी म्हणाला, इथं तसलं काही भरत नाही. पुढच्या रविवारी कुणीतरी त्याला एका भजनी मंडळात नेऊन बसवलं. तिथल्या बुवांनी त्याची हकिगत अर्ध्यातच तोडली. "शपथ घे. सुटते."

"शपथा घेतल्या ना जी! त्या काहून टिकत नाहीत, थेच तं विचाराले आलो."

बुवांना ते उद्धटपणाचं वाटलं.

शेवटी कंपाउंडरनेच इकडेतिकडे विचारून एक पत्ता काढून दिला. त्या घराच्या अंगणात एक म्हातारे गृहस्थ तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मधुकरराव, पोस्टातून निवृत्त झालेले.

"बैठक कुठं भरते जी?" सुखरामने विचारलं.

"सध्या इथंच. मी एकटाच हावो. एकाची बदली झाली, एक वारला, एक परत प्याले लागला."

सुखरामचं डोकंच फिरलं. "किती रविवार हिंडून राहिलो मी! साऱ्या भंडाऱ्यात दारुड्या म्हणवून घेतलं. अन् बैठक म्हणजे तुमी एकटे?"

"राग आला तं इथंच काढा," मधुकरराव म्हणाले. "बाहेर जाऊन काढाल, तं भट्टीतच काढाल."

ते खरं होतं, म्हणून सुखराम आणखी चिडला. पण बसला. शेंगा सोलता सोलता मधुकररावांनी आपलं सांगितलं. लोकांच्या मनिऑर्डरी थैलीत घेऊन ते एकदा गटारात पडले होते. त्यांनी ते हसून नाही सांगितलं, रडूनही नाही. मग सुखरामही बोलला. निघताना मधुकरराव म्हणाले, "रविवारी मीच येतो अड्याळले. तुमच्यासारखे तिथं आणखीही असतील. जागा पाहून ठेवा."

जागा! सुखराम आठवडाभर जागा मागत फिरला, आणि प्रत्येक दारात कशासाठी ते सांगावं लागलं. हेडमास्तर म्हणाले, शाळेत लेकरं शिकतात. सरपंच पोट धरून हसले. "पिणाऱ्यांचा अड्डा हायेच गावात. आता न पिणाऱ्यांचाही पाहिजे का रे?" गिरणीच्या मालकाने ऐकूनच घेतलं नाही. शनिवारी सांजेला सुखराम नाल्याच्या काठापर्यंत गेला. पलीकडून मोहाच्या दारूचा वास येत होता. तो स्वतःला शिव्या देत परत फिरला आणि घरात पाय ठेवताच बायकोवर खेकसला, "आपल्याच सपरीत बसतो आमी उद्या!"

"पुन्हा दारुडे माह्या सपरीत?" रत्नाबाई म्हणाली. "इतके वर्स बसले, थे कमी होते?" सकाळी मात्र तिने घरापुढची सपरी सारवून घेतली.

मधुकरराव दुपारच्या एसटीने आले. सुखरामने चटया अंथरल्या होत्या. रस्त्याने माणसं जात होती, आत डोकावत होती, एकमेकांना कोपराने ढोसत होती. ज्यांच्याबरोबर तो वर्षानुवर्षं प्यायला होता, त्यातला एकही आला नाही.

"पाहा," तो कडवटपणे म्हणाला. "इज्जत गेली अन् माणूसही नाही आला."

"दोघं तं हावो," मधुकरराव म्हणाले.

तेवढ्यात दाराच्या चौकटीतून रत्नाबाईने विचारलं, "पिणाऱ्यानंच बोलावं लागते का जी? का दुसऱ्यालेही बोलता येते?"

मधुकररावांनी चटई तिच्याकडे सरकवली. ती बसली नाही. उभ्यानेच बोलली. दारं लावून लेकरांना तोंडावर हात ठेवायला लावलेले दिवस, माहेरी सांगितलेल्या खोट्या गोष्टी, आणि गिरणीत हात सापडला हे ऐकताच मनात आलेला विचार: हात गेला असता तं पेला धरता आला नसता. सुखरामच्या अंगाची आग होत होती. दोनदा तो उठायला लागला. मधुकररावांनी त्याला अडवलं नाही, नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"झालं तुहं?" तो शेवटी म्हणाला.

"नाही," रत्नाबाई म्हणाली. "अजून लय हाये."

आणि ती खाली चटईवर बसली. सुखराम दात आवळून ऐकत राहिला. मधुकररावांची एसटी निघून गेली तरी तिचं संपलं नव्हतं.