काट्यावर अडलेली गाडी

"दोनशे चाळीस किलो कमी." लातूरच्या तेल मिलच्या वजनकाट्याच्या खोलीच्या खिडकीतून शिवकुमारने कागद बाहेर सरकवला. "इथं सही करा मामा, अन् गाडी खाली करायला घ्या."

व्यंकटीने कागदाला हात लावला नाही. खिडकीवरच्या पाटीत लाल आकडे पेटले होते, तो त्यांच्याकडे बघत राहिला. सत्तावीस हजार एकशे साठ. पहाटे नायगावच्या काट्यावर हीच दहाचाकी, हेच तीनशे कट्टे सोयाबीन, आणि आकडा होता सत्तावीस हजार चारशे. मध्ये नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर. वाटेत गाडी थांबली ती दोनदाच, एकदा चहाला आणि एकदा डिझेलला. दोन्ही वेळा त्याची बायको पंचफुलाबाई केबिनमधून खाली उतरली नव्हती.

डिझेलची टाकी तो नायगावात काठोकाठ भरायचा आणि लातूरच्या वेशीवर पुन्हा काठोकाठ. वाटेत जळालेल्या डिझेलचासुद्धा वजनात फरक दिसू नये म्हणून. बाकीचे ड्रायव्हर यावर हसत. हसू देत. एकोणीस वर्षं त्याने लोकांच्या गाड्या चालवल्या होत्या आणि सात वर्षं स्वतःची. इतक्या वर्षांत त्याच्या मालाला घट आली नव्हती.

"सही केली म्हंजी वाटंत माल मी काढला, असंच झालं की," तो म्हणाला.

"तसं कोन म्हनतंय? रीत हाय ती मामा."

"रामलिंगनं बी रीत म्हनूनच सही केली व्हती."

शिवकुमारने मान खाली घातली. पंचविशीतला पोरगा, काट्याचे आकडे वाचायचे आणि पावत्या फाडायच्या, एवढंच त्याचं काम. पण रामलिंगचं नाव त्यालाही माहीत होतं.

हिमायतनगरचा रामलिंग या धंद्यात व्यंकटीच्याही आधीपासूनचा. स्वतःची गाडी, स्वतःच ड्रायव्हर. मागच्या महिन्यात याच मिलच्या फाटकात त्याच्या दोन खेपांना लागोपाठ घट निघाली. भला माणूस, भांडण नको म्हणून त्याने दोन्ही वेळा सही करून दिली. तिसऱ्या खेपेला नायगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मुनिमाने मान वर न करताच त्याला सांगितलं, "तुमच्यासाठी भरती न्हाई." म्हणजे गाडीत भरायला माल नाही. मग चहाच्या टपऱ्यांवर चर्चा सुरू झाली. रामलिंग परखी मारतो म्हणे. परखी म्हणजे नमुन्यासाठी कट्ट्यात खुपसायची पोकळ लोखंडी सळई. एका कट्ट्यातून पाऊण किलो धान्य काढलं तर वरून कळत नाही, शिवण उसवावी लागत नाही, आणि तीनशे कट्ट्यांतून चांगला दोन क्विंटलचा माल निघतो.

व्यंकटीने ती चर्चा ऐकली होती. "रामलिंग तसला न्हाई," असं तेव्हा त्याने म्हणायला हवं होतं. त्याने नुसता चहा संपवला आणि कप खाली ठेवला. काय सांगावं, असंही एकदा मनात येऊन गेलं. रामलिंगला त्याने फोनही केला नाही. आज स्वतःच्या नावाचा कागद समोर आला तेव्हा त्याला तो चहा आठवला आणि तोंड कडू झालं.

गडबड ऐकून मिलचा मॅनेजर सोमेश बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन.

"उस्ताद, तमाशा करू नका. मागं चौदा गाड्या उभ्या आहेत."

"काटा पुन्यांदा बगा साहेब. न्हाई तर शेजारच्या काट्यावर चला, खर्च मी देतो."

"आमच्या काट्याला सरकारी शिक्का आहे. बाहेरचं वजन आम्ही धरत नाही. सही करा, नाहीतर गाडी मागं घ्या. उद्यापासून या फाटकात तुमचं नाव चालणार नाही. एक फोन केला तर नांदेड-लातूरमध्ये कुणी भरती देणार नाही."

व्यंकटीने उभ्या आयुष्यात कुणाशी वाद घातला नव्हता. टोलनाक्यावर, पेट्रोल पंपावर, मोंढ्यात, सगळीकडे तो दोन शब्द कमीच बोलायचा. तो सरळ वळला. गाडीवर चढला, इंजिन बंद केलं, चावी काढली आणि पंचफुलाबाईच्या हातात दिली. तिने ती पदराच्या टोकाला बांधली आणि दातांनी गाठ आवळली.

"गाडी इथंच उभी ऱ्हाईल," खाली उतरून तो म्हणाला. काट्यावर आडवी, सत्तावीस टनांची गाडी. आता तिला ढकलून बाजूला करणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

मागून हॉर्न सुरू झाले. मग हॉर्न थांबले आणि ड्रायव्हर चालत आले. आधी शिव्या देतच आले. "ओ, काहून आडवलंय? आमचा दिवस खराब करून राहिले!" पण घटीचं ऐकल्यावर आवाज उतरले. चारजण एकमेकांकडे बघू लागले. एकाने हळूच सांगितलं, त्याने परवा एकशे नव्वदची सही केली होती. दुसऱ्याने तर घरीही सांगितलं नव्हतं.

पंचफुलाबाई केबिनच्या पायरीवर बसून हे सगळं ऐकत होती. धाकटी मुलगी पूनम सासरी गेली, घर रिकामं झालं, तेव्हा दोन वर्षांपूर्वी ती एक दिवस डबा घेऊन गाडीत चढली. "घरात भिंतीसंगं बोलन्यापरीस तुमच्यासंगं भांडते," म्हणाली. तेव्हापासून ताडपत्री ओढणं, रस्सी आवळणं, मागे घेताना बाजू सांगणं तिच्याकडेच होतं. तिचा बाप नागप्पा उदगीरच्या मोंढ्यात तोलारी होता. जन्मभर त्याने तराजूच धरला.

"ओ, ऐका की," तिने नवऱ्याला जवळ बोलावलं. "माझा अप्पा म्हनायचा, तराजूवर शक आला तर पारडी बदलून बगायची. माल त्या पारड्यात अन् मापं ह्या पारड्यात. तराजू खरा असंल तर तेवढंच वजन दावंल. खोटा असंल तर आपसूक बोलंल."

"ह्याला कुठं पारडी हायत, फुले?"

"गाडीला तोंड हाय अन् पाठ हाय की. उलटी घाला."

व्यंकटीने वळून मागच्या चाकांकडे पाहिलं. मालाचं सगळं ओझं मागच्या आठ चाकांवर. आता ती चाकं काट्याच्या फाटकाकडच्या टोकाला उभी होती. गाडी फिरवून मागून काट्यावर चढवली तर तीच चाकं आतल्या टोकाला येतील. गाडी तीच, माल तोच. आकडा बदलायचं कारणच नाही.

तो सोमेशसमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, गाडी उलटी घालतो. ह्योच आकडा आला तर सही करतो, अन् ह्या फाटकात पुन्यांदा पाऊल ठेवनार न्हाई. कबूल?"

सोमेशने रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "कबूल. पण लवकर."

पंचफुलाबाईने गाठ सोडली.

भरलेली दहाचाकी अरुंद काट्यावर मागून चढवणं हे काम सोपं नव्हे. दोन्ही बाजूंना वीतभर जागा. व्यंकटीने आवारात एक वळसा घेतला, गाडी सरळ केली आणि आरशात नजर लावली. पंचफुलाबाई मागे उभी राहून फळीवर हात मारत होती. "येऊ द्या... येऊ द्या... तुमच्या बाजूला जरा... येऊ द्या... बस!" एका दमात गाडी चढली. पट्टीवर चाक कुठेही घासलं नाही.

आकडे थरथरले, वर गेले, खाली आले आणि थांबले.

सत्तावीस हजार तीनशे वीस.

शिवकुमारने डोळे चोळले.

"मशीन तापलं असेल," सोमेश म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"तर मग पुन्यांदा सरळ घालू," व्यंकटी म्हणाला. त्याने गाडी उतरवली, फिरवली आणि पहिल्यासारखी उभी केली. पुन्हा सत्तावीस हजार एकशे साठ. एक किलो इकडेतिकडे नाही.

"आरं, काटाच खोटा हाय!" कुणीतरी ओरडलं आणि चौदाही ड्रायव्हर एकदम बोलू लागले. परवा एकशे नव्वदची सही केलेला तर सोमेशच्या अंगावरच धावला. व्यंकटीने त्याला हाताने अडवलं. आणि अगदी शांतपणे त्याने मॅनेजरला विचारलं,

"साहेब, तुमची पेंड बी ह्याच काट्यावरून भाईर जाती ना?"

सोमेशचा चेहरा बघण्यासारखा झाला. तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीच्या गाड्या रोज तीन-चार बाहेर जात होत्या. काटा येणारा माल कमी दाखवत असेल, तर जाणाराही कमीच दाखवणार. म्हणजे मिल रोज गाडीमागे दोन-दोन क्विंटल पेंड फुकट वाटत होती, आणि घेणाऱ्यांपैकी कोण कशाला तक्रार करायला येतोय!

दहा मिनिटांत मालक स्वतः आले. साठीचे, जाड चष्म्याचे. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. गाडी आणखी एकदा फिरवायला लावली आणि दोन्ही आकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मग म्हणाले, "खड्डा उघडा."

काट्याखालच्या खड्ड्याचं झाकण दोघांनी मिळून उचललं. शिवकुमार टिकाव घेऊन उतरला, पाठोपाठ व्यंकटीही. पोळ्यानंतरच्या झोडपणाऱ्या पावसात आवारातलं पाणी खड्ड्यात शिरलं होतं. ते ओसरलं, पण गाळ राहिला. फाटकाकडच्या टोकाला गाळ आणि खडी वाळून विटेसारखी घट्ट बसली होती, आणि त्यात नारळाएवढा एक दगड काट्याच्या लोखंडी पाटाखाली बरोबर पाचरीसारखा अडकला होता. त्या टोकावर आलेलं ओझं काट्यावर पडतच नव्हतं, दगडच ते पेलत होता.

अर्धा तास दोघं खणत राहिले. दगड निघाला तेव्हा शिवकुमारने तो वर ठेवला. ड्रायव्हर त्याच्याभोवती गोळा झाले. एवढासा दगड, आणि किती जणांना चोर ठरवून बसला होता.

चौथ्यांदा, की पाचव्यांदा, गाडी काट्यावर चढली. या वेळी व्यंकटी खाली उतरला, पण आकड्यांकडे बघायला गेला नाही. केबिनच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. शिवकुमारने वाचलं, मग पुन्हा मोठ्याने वाचलं.

"सत्तावीस हजार चारशे! मामा, सत्तावीस हजार चारशे!"

रांगेतल्या पहिल्या गाडीने हॉर्न दाबला, मग दुसऱ्या, मग सगळ्या चौदांनी. एमआयडीसीतल्या शेजारच्या कारखान्याचे कामगार कुंपणाशी येऊन बघू लागले. ड्रायव्हरांनी व्यंकटीला उचललंच असतं, पण त्याचे कपडे गाळाने भरले होते आणि तो हात जोडून मागे मागे सरकत होता. पंचफुलाबाई मात्र पायरीवर उभी राहून सगळ्यांचं कौतुक ऐटीत घेत होती. "मोंढ्यातली हाय मी," ती शिवकुमारला सांगत होती. "नागप्पा तोलाऱ्याची पोरगी."

मालक जवळ आले. "उस्ताद, आमचं चुकलं. तुमची गाडी आधी खाली होईल. वर चहा घ्यायला या."

"चहा घेऊ की. पर आधी कागद पायजे, मालक."

"कसला कागद?"

"घटीच्या कागदावर सह्या घेतल्या तुमी. आता उलटा कागद द्या. ज्यांच्या सह्या घेतल्या त्या समद्यांची नावं टाका. पयलं नाव हिमायतनगरच्या रामलिंगचं."

सोमेश लिहायला बसला. 'वजनकाट्यात तांत्रिक अडचण उद्भवल्याने' इथपर्यंत त्याने वाचून दाखवलं आणि व्यंकटीने त्याला थांबवलं. आज पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

"असं न्हाई. 'काटा खोटा व्हता, रामलिंगनं चोरी केली न्हाई,' असं लिहा. त्याच्या गावात कुनालाबी वाचता आलं पायजे."

सोमेशने मालकांकडे पाहिलं. मालकांनी चष्मा पुसला आणि मान हलवली. तसंच लिहिलं गेलं. खाली सही आणि मिलचा गोल शिक्का. नायगावच्या मुनिमाला मालकांनी समोरच फोन लावला.

तिसऱ्या दिवशी भरती हिमायतनगरलाच होती. नसती तरी व्यंकटी गेला असता. गावाबाहेर रामलिंगचं घर, घरापुढे त्याची गाडी. रामलिंग बाजेवर बसून रस्सी विणत होता. व्यंकटीला पाहून उठला, पण तोंडाने या म्हणाला नाही.

व्यंकटीने कागद पुढे केला. रामलिंगने चष्मा लावला, कागद उन्हाकडे धरला आणि सावकाश वाचला. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्याची बायको महामाया दारात येऊन उभी राहिली होती. त्याने तो तिच्या हातात दिला.

"मला फोन करायला पायजे व्हता," व्यंकटी म्हणाला. "तवा. मी केला न्हाई."

"हाव," रामलिंग म्हणाला. "न्हाई केला."

पंचफुलाबाईने घसा साफ केला. "रामलिंगभाऊ, मोंढ्यात दोन गाड्यांची भरती हाय. दुसरी तुमच्या नावावर लिवलीय मुनिमानं. उशीर केला तर हमाल जेवायला जातील."

रामलिंग घरात गेला. बाहेर आला तो धुतलेला शर्ट घालून, टोपी सरळ करत. गाडीला उजव्या हाताने शिवून त्याने तो कपाळाला लावला आणि वर चढला. पहिल्या वेळी इंजिन नुसतं गुरगुरलं. दुसऱ्या वेळी काळा धूर सोडून सुरू झालं. महामाया अंगणात उतरली, कागद अजून तिच्या हातातच होता.

"पुढं तुमी," व्यंकटीने हात केला. रामलिंगची गाडी रस्त्याला लागली, तिच्यामागे व्यंकटीची.

अंगणात गाडी जिथे इतके दिवस उभी होती, तिथलं गवत पिवळं पडून जमिनीला चिकटलं होतं. बाजूचं सगळं गुडघ्याएवढं हिरवं. त्या पिवळ्या चौकोनावर ऊन पडलं, आणि महामायाच्या कोंबड्या एकेक करून तिथे दाणे टिपायला आल्या.